गुण कुणी दिले, वजन कुणी ठरवलं?



मनमाड आणि आसपासच्या गावांतल्या बचत गटांबरोबर आम्ही काम करतो. हल्ली बैठकांमध्ये एक नवा विषय निघतो. कुणाचा भाचा, कुणाची सून, कुणाचा कॉलेजला जाणारा मुलगा मोबाईलवर शेअरचं ॲप दाखवतो. त्यात प्रत्येक कंपनीच्या नावापुढे एक आकडा असतो. ७४, ८७, ९२. मग घरात बोलणं सुरू होतं, "शंभरपैकी ब्याण्णव! म्हणजे कंपनी चांगलीच असणार."

आज आपण त्या आकड्याबद्दल बोलणार आहोत. तो काढतात कसा, त्याच्या पोटात काय काय असतं, आणि तो ऐकल्यावर आपण काय विचारायचं. कुठला शेअर घ्या किंवा घेऊ नका, हे आम्ही सांगणार नाही. तो आमचा अधिकार नाही. हिशेब मात्र समजून घेऊ, कारण हा हिशेब आपल्या ओळखीचा आहे. बाजारात शेळी घेताना आपण तोच करतो, फक्त कागदावर मांडत नाही.

समजा, बाजारात तीन शेळ्या आहेत. एक काळी, एक तांबडी, एक कबरी. आपण तीन गोष्टी बघतो. दूध किती देते, करडं किती देते, आणि किंमत काय. आता अडचण अशी, की दूध लिटरमध्ये, करडं नगात आणि किंमत रुपयांत. लिटर, नग आणि रुपये यांची बेरीज होत नाही. म्हणून आधी सगळ्यांना एकाच मापात आणायचं. प्रत्येक गोष्टीला दहापैकी गुण देऊ. दूध जास्त तर गुण जास्त. करडं जास्त तर गुण जास्त. किंमतीचं मात्र उलटं. किंमत जास्त तर गुण कमी. हे उलटं करायचं विसरलं, की सगळ्यात महाग शेळी पहिली येते!

आता गुण लिहून घ्या. काळीला दुधाचे ९, करडांचे ४, किंमतीचे ५. तांबडीला दुधाचे ४, करडांचे ९, किंमतीचे ६. कबरीला दुधाचे ६, करडांचे ६, किंमतीचे ७.

आता खरा प्रश्न येतो. या तिन्हींत आपल्याला जास्त महत्त्व कशाचं? घरात लहान मूल आहे, दूध हवंय, अशी बाई म्हणेल, दहा वाट्यांपैकी सहा वाटे दुधाला, दोन करडांना, दोन किंमतीला. या वाट्यांनाच वजन म्हणतात. पुस्तकात त्याला भारांक असा शब्द आहे, आपण वजनच म्हणू. आता प्रत्येक गुणाला त्याच्या वजनानं गुणायचं आणि बेरीज करायची. काळी: नऊ सक चोपन्न, चार दुणे आठ, पाच दुणे दहा. एकूण ७२. तांबडी: चोवीस, अठरा आणि बारा, एकूण ५४. कबरी: छत्तीस, बारा आणि चौदा, एकूण ६२. म्हणजे काळी पहिली, कबरी दुसरी, तांबडी तिसरी.

आता शेजारची बाई येते. तिला करडं वाढवून विकायची आहेत. ती सहा वाटे करडांना देते, दोन दुधाला, दोन किंमतीला. शेळ्या त्याच, गुण तेच. पुन्हा बेरीज करा. काळी: अठरा, चोवीस आणि दहा, एकूण ५२. तांबडी: आठ, चोपन्न आणि बारा, एकूण ७४. कबरी: बारा, छत्तीस आणि चौदा, पुन्हा ६२. आता तांबडी पहिली आणि काळी शेवटची!

बघा, शेळी बदलली नाही. तिचं दूध बदललं नाही. फक्त वजन बदललं आणि पहिली होती ती शेवटची झाली. आपल्या मनमाड जंक्शनवर हे रोज घडतं. गाडी तीच, डबे तेच. सांधा एका बाजूला फिरवला तर गाडी भुसावळकडे जाते, दुसऱ्या बाजूला फिरवला तर दौंडकडे. गाडी कुठे जाणार हे सांधा ठरवतो. पहिली कोण येणार हे वजन ठरवतं.

आता शेअरकडे येऊ. शेअर म्हणजे कंपनीच्या मालकीचा छोटासा तुकडा. मोबाईलवरचा आकडा काढणारे लोक कंपनीच्या अशाच चारदोन गोष्टी बघतात. पहिली, स्वस्ताई. कंपनीच्या वर्षाच्या एका रुपया कमाईमागे आपल्याला किती रुपये मोजावे लागतात? दुसरी, नफा. मालकांच्या शंभर रुपयांवर कंपनी वर्षाला किती कमावते? तिसरी, कर्ज. मालकांच्या एका रुपयामागे कर्ज किती? चौथी, भावाचा वेग. गेल्या सहा महिन्यांत, वर्षभरात शेअरचा भाव किती चढला?

यांनाही एका मापात आणावं लागतं. त्यासाठी बरेच जण रांग लावतात. समजा शंभर कंपन्या घेतल्या आणि कर्जाप्रमाणे उभ्या केल्या. ज्या कंपनीचं कर्ज शंभरातल्या साधारण ऐंशी कंपन्यांपेक्षा जास्त, तिला कर्जाचे २० गुण. जिचं कर्ज जवळजवळ सगळ्यांपेक्षा कमी, तिला ९५, ९८ असे गुण. प्रत्येक गोष्टीची अशी वेगळी रांग. मग प्रत्येक रांगेतल्या गुणाला वजनानं गुणायचं, बेरीज करायची, आणि त्या बेरजेची पुन्हा एक रांग लावायची. झाला एकूण क्रमांक.

यात एक गोम आहे. रांगेत अंतर दिसत नाही. पहिली शेळी तीन लिटर दूध देते, दुसरी अर्धा पेला कमी देते, तिसरी फक्त एक लिटर. रांगेत तिघींचे क्रमांक एक, दोन, तीन. पहिली आणि दुसरी जवळजवळ सारख्या, तिसरी फार मागे, हे क्रमांकावरून कळत नाही. दुसरी गोष्ट अशी, की रांग इतरांशी तुलना करते. सगळा वर्ग नापास झाला तरी त्यात कुणीतरी पहिला येतोच. म्हणून ब्याण्णव हा आकडा दिसला की आधी विचारायचं, हे शंभरपैकी मिळालेले गुण आहेत, की शंभर जणांत ब्याण्णव जणांच्या पुढे असल्याचा क्रमांक?

हे सगळं मोबाईलवाल्यांनीच काढलेलं नाही बरं का. अमेरिकेतले हिशेबशास्त्राचे प्राध्यापक जोसेफ पिओत्रोस्की यांनी २००० साली नऊ प्रश्नांची एक पद्धत मांडली. कंपनीला नफा आहे का, हातात रोख पैसा येतो का, कर्ज गेल्या वर्षीपेक्षा कमी झालं का, असे नऊ प्रश्न. उत्तर हो, तर एक गुण. नाही, तर शून्य. नऊही प्रश्नांना सारखंच वजन. जोएल ग्रीनब्लाट यांनी २००५च्या पुस्तकात आणखी सोपी पद्धत सांगितली. दोनच रांगा, एक स्वस्ताईची आणि एक नफ्याची. दोन्हींतले क्रमांक मिळवायचे, ज्याची बेरीज सगळ्यात कमी ती कंपनी वर.

आपल्या मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराच्याही अशा याद्या आहेत. निफ्टी २०० मोमेंटम ३० नावाच्या यादीत दोनशे कंपन्यांतून तीस निवडतात. सहा महिन्यांची आणि बारा महिन्यांची भाववाढ बघतात, भाव किती उड्या मारतो त्याचा हिशेब तिच्यात धरतात, आणि दोन्हींना अर्धं-अर्धं वजन देतात. दर सहा महिन्यांनी यादी नव्यानं लावतात. निफ्टी २०० क्वालिटी ३० या दुसऱ्या यादीत भावाचा वेग बघतच नाहीत. तिथे नफा, कर्ज आणि कमाईतला सारखेपणा बघतात. त्यातही बँकांसारख्या कंपन्यांना कर्जाची कसोटी लावत नाहीत, कारण पैसे घेणं आणि देणं हाच त्यांचा धंदा. आपल्या गटावर बँकेचं कर्ज असतं म्हणून आपला गट वाईट ठरत नाही, तसंच हे. बाजार एकच, पण दोन याद्यांची वजनं वेगळी, म्हणून दोन याद्यांत वर येणाऱ्या कंपन्याही वेगळ्या.

आता एका गटाची गोष्ट. गटाचं नाव सांगत नाही, आपल्याच नांदगाव तालुक्यातला आहे. बारा बायका, महिन्याला शंभर रुपये बचत. तीन वर्षांची नुसती बचत ४३,२०० रुपये. एका ताईचा भाचा आला आणि म्हणाला, "आत्या, निम्मे पैसे या कंपनीत टाका, हिला ८३ गुण आहेत." ताईंनी विषय बैठकीत मांडला. दोघीतिघी लगेच तयार झाल्या. तेव्हा एक वयस्कर मावशी म्हणाल्या, "त्र्याऐंशी ठीक आहे, पण ते कशाचे?"

भाच्यानं आकड्यावर बोट दाबलं तसा आतला हिशेब उघडला. भावाचा वेग ९५, नफा ८०, कर्जाच्या बाबतीत फक्त २०. आणि वजन? वेगाला शंभरात ६० वाटे, नफ्याला ३०, कर्जाला १०. म्हणजे वेगाचे सत्तावन्न, नफ्याचे चोवीस, कर्जाचे दोन. बेरीज ८३. ज्या कंपनीच्या डोक्यावर इतकं कर्ज, तिचं कर्ज बेरजेत दिसेनासंच झालं होतं.

मावशी म्हणाल्या, "आपण कुणाला कर्ज देताना आधी काय बघतो? आधीचं फेडलं का तेच ना? मग कर्जाला निम्मं वजन द्या." सचिव ताईंनी वहीत हिशेब मांडला. कर्जाला ५० वाटे, नफ्याला ३०, वेगाला २०. कर्जाचे दहा, नफ्याचे चोवीस, वेगाचे एकोणीस. बेरीज ५३. त्याच कंपनीचे, त्याच दिवशी, त्याच खोलीत ८३चे ५३ झाले.

यातला कुठला आकडा खरा? दोन्ही बेरजा बरोबर आहेत. पहिली त्या माणसाची, ज्याला आज घेऊन चार महिन्यांत विकायचंय. दुसरी आपल्यासारख्यांची, ज्यांना मुद्दल बुडालेलं परवडत नाही. त्या बैठकीत आणखी दोन अर्ज होते. एकीला पेरणीला बियाणं घ्यायचं होतं, एकीला मुलीची कॉलेजची फी भरायची होती. गटाचा पैसा शेअरमध्ये गेला असता तर त्या दोघींनी कुणाकडे जायचं? शेवटी गटानं अंतर्गत कर्जच दिलं. भाच्याच्या आत्या थोड्या नाराज झाल्या. स्वतःचे पाचशे रुपये त्या लावणार आहेत असं म्हणाल्या. तो त्यांचा पैसा आणि त्यांचा निर्णय. गटाचा पैसा मात्र बारा जणींचा.

या गोष्टीतून आणखी एक शिकायला मिळतं. वजन लावून केलेल्या बेरजेत एक मोठा दोष झाकला जातो. शेळीचंच बघा. दूध दहापैकी दहा, करडं दहापैकी दहा, किंमत कमी, पण शेळीला रोग आहे. बेरजेत ती पहिली येईल. घेणार का तुम्ही? म्हणून आधी चाळण, मग गुण. रोगट शेळी आधीच बाजूला काढायची, उरलेल्यांना गुण द्यायचे. चांगल्या पद्धतीत अशा आधीच्या अटी असतात. इतक्यापेक्षा जास्त कर्ज असेल तर कंपनी यादीतच नाही. जिथे अशी चाळण नाही, तिथे वेगाच्या ९५ गुणांखाली कर्जाचे २० सहज झाकले जातात.

आणखी एक लबाडी समजून घ्या. एकच गोष्ट दोन नावांनी मोजली, तर तिचं वजन गुपचूप दुप्पट होतं. शेळीच्या दुधाला एक वजन दिलं आणि कास मोठी आहे म्हणून पुन्हा वेगळं वजन दिलं, तर दुधाचाच हिशेब दोनदा झाला ना? शेअरच्या यादीत दहा कसोट्या दिसल्या म्हणून भारावून जाऊ नका. त्यातल्या चार जर भाव किती चढला एवढंच वेगवेगळ्या शब्दांत सांगत असतील, तर ती यादी भाव चढण्यालाच महत्त्व देते.

आता सगळ्यात मोठा मुद्दा. हे गुण कधीचे असतात? मागचे. नफा मागच्या वर्षाचा, भावाचा वेग मागच्या सहा महिन्यांचा. आपल्या भागात हे सांगायची गरजच नाही. आपल्याकडे कांदा आहे! कांद्याचा भाव चढता दिसतो आणि सगळे लागवड करतात. ८ डिसेंबर २०२३ला केंद्र सरकारनं कांद्याच्या निर्यातीवर बंदी आणली आणि भाव घसरले. आदल्या दिवशी कांद्याला कुणी गुण दिले असते, तर वेगाच्या रांगेत तो किती वर असता! गुणांना उद्याचा सरकारी हुकूम दिसत नाही, उद्याची गारपीट दिसत नाही. कंपनीचंही तसंच.

आणि मागचे आकडे हातात असले, की वजन हवं तसं लावता येतं. गेल्या पाच वर्षांत ज्या कंपन्या वर गेल्या त्या वर दिसाव्यात अशी वजनं शोधून काढायची, आणि मग सांगायचं, "बघा, आमची पद्धत किती बरोबर आली." निकाल लागल्यावर पेपर सोडवण्यासारखंच आहे हे. म्हणून कुणी सांगितलं की या गुणांप्रमाणे गुंतवलं असतं तर एवढे मिळाले असते, तर विचारा, ही वजनं कधी ठरवली? आधी की नंतर?

मग गुण देणं वाईट का? मुळीच नाही. आपल्या गटाचीही गुणपत्रिका होते. बँकेचा अधिकारी कर्ज देण्याआधी काय बघतो? नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशेब. हीच आपली पंचसूत्री. नाबार्डनं १९९२ साली बचत गटांना बँकेशी जोडायचं काम सुरू केलं, आणि गटाची अशी प्रतवारी करून मग कर्ज, ही रीत त्यातूनच रुजली. त्याचा आपल्याला फायदा झाला. गटाकडे तारण नव्हतं, जमीन बायकांच्या नावावर नव्हती. तरी बैठकीची वही आणि परतफेडीचा हिशेब बघून कर्ज मिळालं. काय मोजलं जातं हे आपल्याला आधीपासून माहीत असतं, म्हणून आपण त्या कसोट्यांना उतरतो. कसोटी उघड असली की गुणांचा उपयोग होतो.

तायांनो, म्हणून पुढच्या वेळी कुणी असा आकडा दाखवला की चार प्रश्न विचारा. एक, यात काय काय मोजलंय? दोन, कशाला किती वजन दिलंय आणि ते कुणी ठरवलं? तीन, आधी चाळण लावली का, की नुसती बेरीज केली? चार, आकडे कधीचे आहेत? उत्तर मिळालं नाही, तर त्या आकड्यावर एक रुपयाही लावायचा नाही.

आणि पाचवा प्रश्न सांगणाऱ्या माणसाबद्दल. शेअरबाबत फी घेऊन सल्ला देणाऱ्यानं सेबीकडे नोंदणी केलेली असावी लागते. सेबी म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था. नोंदणी क्रमांक मागा आणि सेबीच्या संकेतस्थळावर तपासून घ्या, घरातली शिकलेली मुलं हे करून देतील. जो हमखास नफ्याची हमी देतो, त्याच्याकडे पाठ फिरवा, मग त्याच्या हातात कितीही गुणांची यादी असो.

एक छोटं काम देतो. पुढच्या बैठकीत आपल्या गटाला एक निर्णय घ्यायचा असेल, शेळी घ्यायची, गिरणी घ्यायची, पापडाचं यंत्र घ्यायचं, तर वहीत तीन रकाने काढा. काय काय बघायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवा. मग प्रत्येकीनं आपापली वजनं स्वतंत्र चिठ्ठीवर लिहा आणि नंतर चिठ्ठ्या एकत्र उघडा. बारा जणींची बारा वजनं निघतील. भांडण होईल, होऊ द्या. पैसे देण्याआधी झालेलं भांडण स्वस्तात पडतं.

पुढच्या भागात विम्याच्या कागदावर सही करण्याआधी काय वाचायचं, ते बोलू. तुमच्या गटानं चिठ्ठ्या उघडल्यावर काय झालं, तेही आम्हाला नक्की कळवा.

नमस्कार!